आवाज कमी करण्याचा हक्क

नवरात्रात तुळजापूरच्या रस्त्यावर संबळ घुमू लागला, की कानांवर हात दाबून मटकन खाली बसणारं मूल मी पाहिलं आहे. ‘हट्टी आहे’ असं लोक म्हणतात आणि आईची मान खाली जाते.

हा हट्ट नसेलही. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदींतून स्वमग्नतेची ओळख करून दिली. मोठ्या आवाजांची या मुलांना धास्ती वाटते, हे त्यांनी तेव्हाच लिहिलं होतं. तरी अमेरिकी निदान-निकषांत संवेदनांच्या वेगळेपणाची स्पष्ट नोंद व्हायला २०१३ साल उजाडलं. आपल्या १९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावच नव्हतं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं; २०१६च्या कायद्यानं तिला २१ दिव्यांगत्वांत जागा दिली.

दरम्यान, १९७०च्या दशकात नेदरलँड्समध्ये मंद दिवे, हळुवार सूर आणि स्पर्शाच्या वस्तू असलेली ‘स्नूझलन’ खोली आकाराला आली. कार्डिफ विद्यापीठानं २०२१ साली ४१ स्वमग्न मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा खोलीतल्या दिव्यांचं, आवाजाचं नियंत्रण मुलांच्याच हाती दिल्यावर त्यांचं लक्ष अधिक लागलं.

या खोलीनं स्वमग्नता जात नाही. दिवस मात्र सुसह्य होऊ शकतो. धाराशिवच्या वाडीवस्तीवर महागडी खोली कुठली? पण घरातला शांत कोपरा, हात खुपसायला घमेलंभर ज्वारी आणि ‘पुरे’ म्हणण्याची मुभा देता येते. गर्दीत असं मूल दिसलं, तर त्याच्या आईला आधी वाट करून द्या.