नवापूर (शहर)
नवापूर हे महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असलेले शहर आहे. ते रंगावली नदीकाठी, गुजरात राज्याच्या सीमेलगत वसले आहे. धुळे-सुरत राष्ट्रीय महामार्ग व सुरत-जळगाव लोहमार्ग शहराजवळून जातात. दोन राज्यांत विभागलेले रेल्वे स्थानक आणि बहुभाषिक लोकजीवन यांसाठी नवापूर ओळखले जाते.

इतिहास
हा प्रदेश पूर्वी मुंबई राज्याच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली आणि नवापूर सीमेवरचे गाव ठरले. पश्चिम खानदेशाचे पुढे धुळे जिल्हा असे नामांतर झाले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा निर्माण झाला, त्यात नवापूर तालुक्याचा समावेश करण्यात आला.

लोकसमूह व भाषा
तालुक्यात आदिवासी लोकसंख्या बहुसंख्य असून मावची (गावित), भिल्ल व कोकणा हे प्रमुख समाज आहेत. शहरात त्यांच्यासह मराठी, गुजराती व मारवाडी कुटुंबे आणि मुस्लिम व ख्रिस्ती समाज राहतात. त्यामुळे मावची, कोकणी, अहिराणी, गुजराती, हिंदी, उर्दू व प्रमाण मराठी या भाषा कानी पडतात. येथील कोकणी ही कोकणा समाजाची बोली असून गोव्याच्या कोकणीहून वेगळी आहे. घरी मावची बोलणाऱ्या मुलांना प्रमाण मराठीचा पद्धतशीर परिचय बहुधा शाळेतच होतो.

महाराष्ट्रात ‘गावित’ म्हणून ओळखला जाणारा समाज गुजरातमध्ये ‘गामित’ या नावाने ओळखला जातो. राज्ये वेगळी झाली तरी दोहोंकडील नातेसंबंध व रोटी-बेटी व्यवहार टिकून आहेत.

रेल्वे स्थानक
स्थानकाची उभारणी राज्यनिर्मितीच्या आधीची असल्याने सीमारेषा नंतर त्याच्या आवारातून गेली. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, तर उर्वरित भाग गुजरातच्या तापी जिल्ह्यात येतो. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्थानक अधीक्षकांचे कार्यालय गुजरातमध्ये आहे. सीमेवर ठेवलेल्या बाकाचा अर्धा भाग एका राज्यात व अर्धा दुसऱ्या राज्यात असून त्यावर तसे रंगवलेले आहे. उद्घोषणा मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी या चार भाषांत होतात.

अर्थजीवन
खेड्यांतील शेतकरी, मजूर व भाजी विकणाऱ्या स्त्रिया यांचा शहराच्या बाजारपेठेशी नित्य संबंध असतो. नवापूरच्या तूरडाळीस भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कुक्कुटपालन हा येथील महत्त्वाचा व्यवसाय आहे. कोरडवाहू शेतीवर वर्षभर भागत नसल्याने जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत हंगामी स्थलांतर करतात. चिंचपाडा येथील ख्रिस्ती रुग्णालय परिसरातील खेड्यांना आरोग्यसेवा देते.

सण-उत्सव
होळी हा आदिवासी समाजाचा सर्वांत मोठा सण आहे. ढोलाच्या तालावरील नृत्य हे त्याचे वैशिष्ट्य होय. महाशिवरात्रीस गुजरातमधील देवमोगरा येथे याहामोगी मातेच्या यात्रेला परिसरातील भाविक जातात. गणेशोत्सव, नवरात्रातील गरबा, ईद व नाताळ हेही शहरात साजरे होतात.

आपत्ती
फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा (एच५एन१) पहिला प्रादुर्भाव नवापूर येथे आढळला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. व्यावसायिकांचे मोठे नुकसान झाले, मजुरांचा रोजगार बुडाला. रोग सीमेपलीकडे उच्छल तालुक्यातही आढळल्याने दोन्ही राज्यांना उपाययोजना करावी लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये येथे पुन्हा बर्ड फ्लू आढळला. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावली नदीस आलेल्या पुरात जीवितहानी झाली व नदीकाठची घरे वाहून गेली.