नोंद आधीं, अंमल मागून

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यांतील एखाद्या गांवीं जमिनीची खरेदी झाली, म्हणजे दस्त नोंदला जातांच सात-बारावरील नांव पालटत नाहीं. दुय्यम निबंधकाच्या कचेरींतून गांवच्या महसुली दप्तरीं वर्दी जाते. तेथें ती गांव नमुना ६, म्हणजे फेरफाराची नोंदवही, हींत लिहिली जाते. हितसंबंधितांस नोटिसा निघतात. हरकतीची १५ दिवसांची मुदत सरल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करितो, आणि मगच सात-बारा बदलतो. वर्दी देणारा एक, अंमल करणारा दुसरा, आणि प्रकरण कोठवर आलें हें दाखविणारी वही त्या दोघांच्या मध्यें. याच घाटाची एक व्यवस्था संगणकाच्या राज्यांत स्वतंत्रपणें जन्मास आली. तिचा इतिहास बोधप्रद आहे.

डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीची घोषणा इयन मर्डॉक यांनीं १६ ऑगस्ट १९९३ रोजीं केली. तिच्यांतील प्रत्येक आज्ञावली पॅकेजच्या, म्हणजे बांधून ठेवलेल्या गांठोड्याच्या, रूपानें येते. तीं गांठोडीं सोडून जागच्या जागीं मांडणारा कारभारी म्हणजे डीपीकेजी. त्याचा गाभा इयन जॅक्सन यांनीं १९९४ मध्यें सी भाषेंत नव्यानें लिहिला. मांडणीनंतर जी आवरासावर लागे, ती मात्र प्रत्येक पॅकेज आपापल्यापुरती करी. संगणक सुरू होतांना प्रथम स्मृतींत चढणारी जी प्रारंभिक सामग्री, ती अनेक पॅकेजांतील तुकडे जुळवून बनते. एकाच बैठकींत अशीं पांच पॅकेजें बदललीं, तर ती सबंध सामग्री पांचदां रचावी लागे. पहिल्या चार खेपांचे कष्ट पांचवी खेप पुसून टाकी.

सन २००७ मध्यें, उबुंटु प्रणाली काढणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीसाठीं, जॅक्सन यांनींच यावर उपाय योजिला. त्याचें नांव ट्रिगर, म्हणजे चाप. नांव बंदुकीचें असलें, तरी रीत बंदुकीची नव्हे. येथें चाप ओढतांच बार उडत नाहीं. 'डीपीकेजी-ट्रिगर' ही आज्ञा पॅकेजच्या मांडणींतून दिली जाते, व ती स्वतः अंमल न करितां केवळ एका वहींत नोंद करिते. त्या वहीचें नांवच 'अनइन्कॉर्प', म्हणजे अद्याप सामावून न घेतलेलें, असें आहे. पुढें डीपीकेजी ती नोंद उचलतो, आणि ज्या पॅकेजनें त्या चापाशीं आपला संबंध आधींच जाहीर करून ठेविला असेल, त्याला वर्दी देऊन काम करवितो. पांच नोंदी सांचल्या, तरी सामग्री एकदांच रचिली जाते.

दुसऱ्या प्रकारांत आज्ञेचीहि गरज नाहीं. ठराविक जागीं वस्तु पडली, कीं चाप आपोआप ओढला जातो. देवनागरी फाँटचें पॅकेज आलें, म्हणजे फाँटांच्या ठरलेल्या कप्प्यांत भर पडते. त्या कप्प्यावर लक्ष ठेवणारें फाँटकॉन्फिग हें पॅकेज तेव्हां आपली सूची नवी करितें. मराठी अक्षरें पडद्यावर उमटण्यापूर्वीं ही निमूट आवरासावर झालेली असते.

परंतु काम लांबणीवर टाकणें निराळें आणि विसरणें निराळें. म्हणून वर्दी देणारें पॅकेज 'प्रतीक्षेंत' असें नोंदलें जातें, व अंमल होईतों त्यावर विसंबणारीं इतर पॅकेजें तें सिद्ध झालें असें मानीत नाहींत. थांबण्याचें प्रयोजन नसेल, तेथें तसें आज्ञेंतच सांगण्याची सोय आहे. प्रारंभिक सामग्रीचें काम याच सवलतीनें चालतें. आणि दोन पॅकेजें परस्परांचे चाप ओढीतच राहिलीं, तर डीपीकेजी तो फेरा ओळखून त्यांपैकीं एकास अयशस्वी ठरवितो.

१४ फेब्रुवारी २००९ रोजीं डेबियनची ५.० ही, 'लेनी' नांवाची, आवृत्ति प्रसिद्ध झाली. डेबियनच्या स्थिर आवृत्त्यांत चापांची व्यवस्था प्रथम आली ती हिच्यांतच. आणि प्रणाली बसवितांना निवडावयाच्या भाषांत मराठीची भर पडली, तीहि हिच्यांतच. चावडींतील दप्तर असो वा संगणकाचें, मोठ्या कारभारांत प्रत्येक काम तत्काळ होणें शक्य नसतें आणि इष्टहि नसतें. मात्र त्याची नोंद तत्काळ व्हावी लागते. ती नसेल, तर विलंब आणि विस्मरण यांत भेद उरत नाहीं.