पुढच्या ॲक्सलचा आवाज : डिचोली आणि पेडण्यातील ट्रकदुरुस्तीचा इतिहास

ट्रकच्या पुढच्या भागातून येणारा आवाज ऐकून बिघाड कोठे आहे ते ओळखणे हे गॅरेजमधल्या अवघड कामांपैकी एक आहे. इंजिन उभ्या गाडीतही ऐकता येते. पुढच्या ॲक्सलची खटखट मात्र ट्रक रस्त्यावर चालू लागला की सुरू होते, आणि मिस्त्री खाली वाकला की बंद पडते. शिवाय चासीच्या पोलादातून आवाज लांब जातो. डाव्या चाकाचा दोष चालकाला उजव्या पायाखाली ऐकू येऊ शकतो. गोव्यात हे कसब खनिजाच्या वाहतुकीने घडवले. डिचोली तालुक्यातील शिरगाव, लामगाव, मुळगाव, अडवलपाल, पाळी, वेळगे या भागांतील खाणी आणि मांडवीच्या काठावरचे आमोणे, सारमानस यांसारखे धक्के यांच्यामधल्या रस्त्यांवर त्याची घडण झाली. पेडणे तालुक्यात, म्हणजे तुये, पार्से, धारगळ, मोपा या पट्ट्यात, ट्रकांचे काम वेगळे होते. त्यामुळे त्यांचे दुखणेही वेगळे राहिले.

ट्रक येण्यापूर्वी या दोन्ही तालुक्यांची जड वाहतूक नदीने आणि बैलगाडीने होत असे. डिचोली आणि पेडणे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलेल्या ‘नव्या काबिजादी’तले. मांडवी, शापोरा आणि तेरेखोल या नद्यांमुळे तांदूळ, मीठ, नारळ, कौले होड्यांतून गावाजवळ येत, आणि पुढचा थोडा पल्ला गाडीने उरके. गाडीच्या आसाला तेल घातले नाही तर तो कुरकुरतो आणि चाक खातो, हे गाडीवानाला ठाऊक होते. पुढे ट्रकच्या बाबतीत जे शिकायचे होते त्याचा आरंभ येथेच झालेला होता: घासणाऱ्या दोन भागांमध्ये वंगण पोचले नाही की आधी आवाज येतो आणि झीज मागून दिसते.

खाणींसाठी सवलती देणारा पोर्तुगीज कायदा १९०६चा. लोहखनिजाची निर्यात मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर वाढली, आणि १९५०च्या दशकात जपान हा मोठा ग्राहक झाला. सुरुवातीला खनिज हाताने खोदले आणि टोपल्यांनी भरले जाई. खाणीपासून धक्क्यापर्यंत ट्रक, धक्क्यापासून मुरगाव बंदरापर्यंत बार्ज, अशी साखळी याच काळात बसली आणि पुढे तीच टिकली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर भारतीय बनावटीच्या ट्रकांचा मार्ग मोकळा झाला. टाटांनी जर्मन डाइम्लर-बेंझशी १९५४ मध्ये करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली होती. तो करार १९६९ पर्यंत चालला. मद्रासकडून अशोक लेलँड आले. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची उजवी बाजू धरली तरी गोव्यात वाहने डावीकडूनच चालत राहिली होती, म्हणून हे उजव्या हाताच्या स्टिअरिंगचे ट्रक येथे काही न बदलता धावू लागले.

या ट्रकांची पुढची बांधणी साधी आणि दणकट होती. एक घडीव पोलादी ॲक्सल, त्याच्या दोन टोकांना किंगपिनवर फिरणारे स्टब ॲक्सल, त्यांवर हब आणि बेअरिंगे. वर पाट्यांची कमान, ती यू-बोल्टांनी ॲक्सलला आवळलेली आणि शॅकलने चासीला टांगलेली. दोन्ही चाकांना जोडणारा टायरॉड आणि स्टिअरिंग बॉक्सकडून येणारा ड्रॅगलिंक. जेथे पिन आणि बुश भेटतात तेथे ग्रीसचे निपल. दोष निघतो तो बहुधा या भेटीच्या जागांमध्येच.

खनिजाच्या वाहतुकीने या जागांवर विशिष्ट प्रकारे घाव घातले. लोहखनिज इतके जड की १० टन माल साधारण चार-पाच घनमीटरांत मावतो, म्हणजे टिपरचा हौदा भरलेला दिसण्याआधीच वजन पुरे होते. दोन ॲक्सलच्या ट्रकला कायद्याने एकूण १६.२ टनांची मर्यादा होती (२०१८ मध्ये ती १८.५ टन झाली), त्यांपैकी ६ टन पुढच्या ॲक्सलवर. खाणी डोंगरात आणि धक्के नदीकाठी असल्याने ट्रक भरलेला उतरे आणि रिकामा चढे. उतारावर ब्रेक लागला की भार पुढे ढकलला जाई आणि कमान, यू-बोल्ट, किंगपिन हे सगळे तो झेलत. परतीच्या रिकाम्या खेपेत हौद्यातले वजन नसे, गती जास्त असे, आणि खड्ड्यांवर पुढचा भाग उसळे. भरलेल्या ट्रकात दाबामुळे पिन आणि बुश एका बाजूला चिकटून बसतात आणि त्यांच्यातली फट गप्प राहते. रिकाम्या ट्रकात तीच फट वाजते. म्हणून दोष तपासायचा तर परतीच्या खेपेला मिस्त्रीने शेजारी बसून यावे, हा या कामातला पहिला धडा ठरतो.

भाडे टन आणि अंतर यांवर मिळे. जितक्या खेपा तितकी कमाई, आणि बरेचसे ट्रक गावातल्याच कुटुंबांनी कर्ज काढून घेतलेले. खटखट ऐकू आली तरी खेप अर्धवट सोडणे परवडत नसे. याचा धोका चालकापुरता नव्हता. हे रस्ते वस्ती, शाळा आणि देवळांजवळून जात होते, आणि टायरॉडचे टोक निखळले की स्टिअरिंग फिरवूनही चाक वळत नाही. आवाज ओळखण्याच्या कसबाला गावाच्या सुरक्षिततेचे वजन आहे ते यामुळे. जड वाहतुकीच्या इतिहासात टनांचे आकडे नोंदले जातात, दोष वेळेवर पकडणारे हात मात्र कोठेच नोंदले गेले नाहीत, ही या इतिहासातली मोठी उणीव आहे.

दुसरा घाव धुळीचा. लोहखनिजाची भुकटी कठीण असते. ग्रीसमध्ये मिसळली की तेच वंगण पिन आणि बुश घासू लागते. डिचोलीत त्या लाल धुळीने निदानाची एक नेहमीची खूणही पुसली. इतरत्र सैल झालेल्या नटाखालून किंवा यू-बोल्टाच्या बुडातून गंजाचा तांबडा ओघळ उतरतो आणि मिस्त्रीला जागा दाखवतो. येथे सगळीच गाडी तांबडी. ट्रक धुतल्याशिवाय तो ओघळ दिसत नाही, आणि धुतला तर पाणी कोरड्या सांध्यांत शिरून कुरकुर तात्पुरती थांबवते. म्हणून आधी ऐकायचे, मग धुवायचे, मग पाहायचे, असा क्रम येथे उपयोगी पडतो.

निदानाची रीत आवाज कधी येतो येथून सुरू होते. सावकाश चालताना, खाचखळग्यांवर एकामागून एक खटखट येत असेल तर संशय शॅकलपिन, कमानीचे बुश किंवा शॉक ॲब्सॉर्बरच्या रबरांवर जातो. ब्रेक दाबताना किंवा निघताना एकच ‘ठण’ येत असेल तर यू-बोल्ट सैल झाले आहेत किंवा पाट्यांना एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला आहे. अशा वेळी ॲक्सल किंचित सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढते. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना करकर येते ती किंगपिनखालच्या थ्रस्ट बेअरिंगची. तेथे ग्रीस पोचलेले नसते. वेगाबरोबर चढत जाणारी घरघर हबच्या बेअरिंगची. वळणावर भार एका बाजूच्या चाकावर जातो, आणि घरघर वाढली तर बहुधा तेच चाक दोषी असते. या सगळ्याच्या आधी बंपर, मडगार्ड, रेडिएटरचे आधार, हत्यारांची पेटी आणि केबिनची रबरे हाताने हलवून पाहायची, कारण पुष्कळ खडखडाट तेथूनच येतो आणि नाहक किंगपिन उघडली जाते.

मग जॅक. मागच्या चाकांना अडणी लावून पुढचा ॲक्सल उचलायचा आणि खाली लाकडी ठोकळ्यांचा किंवा स्टँडचा आधार द्यायचा. टायरखाली टामी घालून चाक वर-खाली हलवले की ढिलाई कळते. ती किंगपिनची की बेअरिंगची हे कळण्यासाठी दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगतात. ब्रेक दाबल्यावर चाकाचे हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा, हलत राहिले तर किंगपिनचा. एकही यंत्र न लागता इतका स्पष्ट निकाल देणाऱ्या चाचण्या मोटारदुरुस्तीत थोड्याच आहेत. चाक डाव्या-उजव्या बाजूंना धरून हलवले की टायरॉडची टोके बोलतात, आणि ती तपासताना डोळ्यापेक्षा सांध्यावर ठेवलेली बोटे अधिक सांगतात. चाक हाताने फिरवून दुसरा हात कमानीवर ठेवला तर खराब बेअरिंगचा खरखरीत कंप पोलादातून तळव्याला लागतो. यू-बोल्टावर हातोडीचा हलका ठोका मारला की आवळलेला बोल्ट खणखणतो, सैल बोल्टाचा आवाज बोदा येतो. किंगपिनला ग्रीस भरायचे तेही ॲक्सल उचललेला असतानाच, कारण चाकावर वजन असताना थ्रस्ट बेअरिंगच्या पृष्ठांमध्ये ग्रीस शिरत नाही.

दुरुस्तीचे वेळापत्रक पावसाने ठरवले. पावसाळ्यात आग्वादजवळचा मांडवीच्या मुखावरचा वाळूचा दांडा बार्जना बंद होतो आणि त्यांना कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारीत उतरावे लागते. खाणींतही काम मंदावते. म्हणून जून ते सप्टेंबर हे ट्रक उघडण्याचे महिने झाले. किंगपिन ठोकून काढणे, नवे बुश बसवून ते रीमरने मापात आणणे, तुटका पाटा बदलणे, जुन्या पाट्यांना वाक देणे ही कामे त्या काळात होत. त्यासाठी डिचोली, साखळी, उसगाव भागांत गॅरेज आणि लेथ उभे राहिले. डिचोली आणि पेडणे येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या कामाला अभ्यासक्रमाची जोड दिली, तरी ऐकण्याचा सराव गॅरेजमध्येच झाला.

तुयेच्या भागात ट्रकचे जगणे निराळे. सड्यावरून चिरे, नदीतून रेती, खडी, पुढे तुयेच्या औद्योगिक वसाहतीतला माल. खेपा खनिजाइतक्या सलग नसत, पण नदीकाठच्या सखल वाडीतून सड्यावर चढणारे रस्ते अरुंद आणि वळणाचे. समोरून वाहन आले की डावे चाक डांबराखाली उतरते, आणि चिऱ्यांच्या खाणीत तर रस्ता असा नसतोच. अशा कामात स्टिअरिंगचे सांधे आणि डाव्या बाजूची कमान आधी झिजणे साहजिक आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात मोपा विमानतळाची पायाभरणी झाली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन. त्या दरम्यान पेडण्याच्या रस्त्यांवर मोठे, बहुचाकी ट्रक वाढले. त्यांपैकी पुढे दोन ॲक्सल असलेल्यांत वळणारी चाके चार आणि त्यांना जोडणारे दांडे जास्त. आवाज कोणत्या जोडीतून येतो हे ठरवायला प्रत्येक ॲक्सल वेगळा उचलावा लागतो.

डिचोलीत मात्र तोवर शांतता पसरली होती. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज जात होते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ च्या निकालानंतर ते मर्यादेत सुरू झाले, पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यावर खाणी पुन्हा बंद पडल्या. ट्रक अंगणात आणि माळावर उभे राहिले. हप्ते थकले, काही गाड्या भंगारात गेल्या.

उभ्या ट्रकाचे दुखणे धावत्यापेक्षा वेगळे असते. ग्रीस सुकते, किंगपिन गंजून जखडते आणि स्टिअरिंग जड होते. बेअरिंगचे रोलर वर्षभर एकाच जागी टेकून राहिले की ओलाव्याने तेथे गंजाच्या रेघा पडतात; मग चाक फिरताना ठरावीक अंतराने येणारी घरघर ऐकू येते आणि कितीही ग्रीस भरले तरी ती जात नाही. टायर एका जागी चपटे होतात, त्यांची धडधड बेअरिंगच्या दोषासारखी भासते. सुरुवातीच्या काही किलोमीटरांनंतर टायर तापून ती कमी झाली, तर दोष टायरचा. खाणी पुन्हा उघडल्या तेव्हा बेअरिंग सरळ बदलणे हाच शहाणपणाचा मार्ग होता.

डिसेंबर २०२२ मध्ये नव्या पद्धतीने खाणपट्ट्यांचे लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले. आताच्या ट्रकांत पॉवर स्टिअरिंग, रबरी बुश, कमी पाट्यांच्या कमानी असतात. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ इंजिनांचे दोष संगणकाला जोडून वाचता येतात, पण किंगपिन आणि शॅकल यांना सेन्सर नसतो. त्यांची तपासणी टामी, हातोडी आणि कान यांनीच होते. पॉवर स्टिअरिंगमुळे जखडलेल्या किंगपिनचा जडपणा हाताला जाणवत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. चालकाच्या आरोग्यासाठी हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता. पण बंद काचेआड खटखट उशिरा ऐकू येते, म्हणून डिचोलीच्या उतारांवर चालणाऱ्या अशा ट्रकांना ठरावीक काळाने जॅकवर चढवून तपासणे आता अधिक गरजेचे झाले आहे.