गळा, पियानो आणि तबकडी

इंग्रजी कलागीतांच्या ध्वनिमुद्रिका हा विषय एका कामगार कार्यकर्त्याने व्याख्यानासाठी घ्यावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. ज्याने आयुष्य गेटसभा, करारनामे आणि वर्गणीच्या पावत्या यांत घालवले, त्याला पियानोशी काय कर्तव्य? शंका रास्त आहे. संगीत हा माझा प्रांत नव्हे. माझे शिक्षण सार्वजनिक ग्रंथालयात झाले आणि कानाचे शिक्षण जुन्या बाजारातल्या तबकड्यांवर. पण कोणतीही वस्तू हातात आली की ती कोणी घडवली, तिची किंमत कोणाला मिळाली आणि कोणाचे नाव तीवर लिहिले गेले नाही, हे तीन प्रश्न विचारण्याची आमच्या चळवळीने मला सवय लावली. ते प्रश्न मी आज एका काळ्या तबकडीला विचारणार आहे.

प्रथम कलागीत म्हणजे काय ते पाहू. एका कवीची कविता, एका संगीतकाराने तिला दिलेली चाल, एक गाणारा आणि एक पियानो वाजवणारा, एवढाच त्याचा संसार. आपल्या भावगीताप्रमाणे येथेही शब्दाला मान असतो. मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. येथे पियानोचा स्वरन्‌स्वर संगीतकाराने लिहून ठेवलेला असतो. गायक एक गोष्ट सांगतो, तेव्हा पियानो कधी त्याला दुजोरा देतो, तर कधी गायक जे लपवतो ते उघड करतो. म्हणजे हे दोघांचे गाणे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरी आणि स्टॅनफर्ड यांनी इंग्लंडात या प्रकाराला नवे बळ दिले. पुढे व्हॉन विल्यम्स, क्विल्टर, आयर्लंड, बटरवर्थ, गर्नी, वॉरलॉक, फिन्झी आणि ब्रिटन यांनी तो वाढवला.

परंतु लोकप्रियता होती ती दुसऱ्याच गाण्याला. लंडनमध्ये १८६७ मध्ये जॉन बूझी या प्रकाशकाने ‘बॅलड’ गाण्यांचे जलसे सुरू केले. त्यातली व्यवस्था मोठी चतुर होती. गायकाने प्रकाशकाचे गाणे जलशात म्हणायचे, आणि त्या गाण्याच्या जितक्या छापील प्रती खपतील तितक्यांवर गायकाला वाटा मिळायचा. गाणे चांगले की वाईट, हा प्रश्न मागे पडला. गायक हा प्रकाशकाचा फिरता विक्रेता झाला. तबकडीचे यंत्र येण्यापूर्वीच गाण्याचा बाजार असा बांधला गेला होता. कलागीत जन्माला आले ते या बाजाराच्या कडेला.

आता तबकडीकडे येऊ. १९२५ पूर्वी ध्वनिमुद्रणात वीज नव्हती. एक मोठा कर्णा असे, त्यात तोंड घालून गावे लागे, आणि कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाची सुई मेणाच्या चकतीवर रेघ ओढी. वरचा स्वर लागला की गायकाने मागे सरायचे, खालच्या स्वराला पुढे यायचे. पियानोचे तर हालच. त्याचा नाद कर्ण्यात नीट शिरत नसे. म्हणून तो उंच चौथऱ्यावर चढवीत, त्याची पाठ उघडी करीत, आणि वादकाला सतत जोराने वाजवायला सांगत. जे गाणे दोघांचे म्हणून लिहिले होते, त्यातला एक असा दारिद्र्यातच उभा राहिला.

या काळातली एक थोर नोंद म्हणजे टेनर गायक जर्व्हास एल्विस याची. हाऊसमन या कवीच्या ‘श्रॉपशर लॅड’ (१८९६) या संग्रहातल्या सहा कवितांना व्हॉन विल्यम्सने १९०९ मध्ये चाली लावल्या. त्यात पियानोच्या जोडीला चार तंतुवाद्ये आहेत. त्या वर्षी ही गाणी प्रथम गायिली ती एल्विसने, आणि १९१७ मध्ये कोलंबिया कंपनीसाठी त्याने ती ध्वनिमुद्रित केली. पियानोवर फ्रेडरिक किडल होता. आज ती ऐकताना खरखर फार येते. पण शब्द इतक्या सरळ, निष्कपट रीतीने उच्चारलेले आहेत की काही क्षणांनी खरखर विसरते. मरण्याच्या वयाच्या तरुणांविषयीच्या त्या कविता आहेत, आणि मुद्रणाचे वर्ष १९१७ आहे, हे ऐकणाऱ्याने विसरू नये.

एल्विस १९२१ च्या जानेवारीत अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना बॉस्टनच्या स्टेशनावर आगगाडीखाली सापडून मरण पावला. त्याच्या स्नेह्यांनी त्याच्या स्मरणार्थ एक निधी उभारला. त्यातूनच अडल्यानडल्या संगीतकारांना मदत करणारी इंग्लंडातली मोठी संस्था, म्युझिशियन्स बेनेव्होलंट फंड, वाढली. गायकाचे स्मारक म्हणून पुतळा न उभारता आजारी आणि बेकार वादकाच्या घरची चूल पेटती ठेवावी, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

पण ज्यांना कोणताच निधी वाचवू शकला नाही असेही होते. जॉर्ज बटरवर्थने त्याच ‘श्रॉपशर लॅड’मधल्या सहा कवितांना लावलेल्या चाली १९११ मध्ये छापल्या. तो सुखवस्तू घरचा, ऑक्सफर्डला शिकलेला. महायुद्धात त्याच्या हाताखाली जे शिपाई आले ते बहुतेक डरहॅमच्या कोळसाखाणींतले कामगार होते, आणि त्यांच्याविषयी त्याला मनापासून आदर वाटू लागला. ५ ऑगस्ट १९१६ रोजी सॉमच्या रणांगणावर पोझिएरजवळ गोळी लागून तो पडला. वय एकतीस. त्याच्या देहाचा पत्ता लागला नाही. थीपव्हालच्या स्मारकावर, ज्यांना कबर नाही अशा हजारोंच्या नावांत, त्याचे नाव आहे. आयव्हर गर्नी हा ग्लॉस्टरच्या शिंप्याचा मुलगा. तो साधा शिपाई म्हणून लढला आणि खंदकात बसून त्याने गाणी रचली. १९१७ मध्ये तो आधी जखमी झाला, मग विषारी वायूत सापडला. १९२२ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३७ पर्यंत, त्याची पंधरा वर्षे वेड्यांच्या इस्पितळात गेली. मॅरियन स्कॉट या बाईंनी त्याचे कागद जपले, फिन्झीने ते निवडण्यास साह्य केले, आणि १९३८ मध्ये त्याच्या गाण्यांचे दोन भाग प्रसिद्ध झाले. तोवर तो गेलेला होता. कागद जपणारे हात नसते तर ध्वनिमुद्रणाला काही उरलेच नसते.

१९२५ मध्ये मायक्रोफोन आला आणि पियानोला प्रथमच न्याय मिळाला. हळू वाजवलेला स्वरही आता तबकडीवर उतरू लागला. याच काळात जेराल्ड मूर (१८९९–१९८७) हा साथीदार पुढे आला. जॉन कोट्स या वयस्क गायकाने आपल्याला साथ म्हणजे काय ते शिकवले, असे तो कृतज्ञतेने सांगे. जुन्या तबकड्यांच्या लेबलावर गायकाचे नाव ठसठशीत असे आणि खाली बारीक अक्षरांत ‘पियानोच्या साथीसह’ एवढेच. जणू पियानो आपोआप वाजत होता! साथीदारालाही नाव आहे, मत आहे, हे मूरने वादनाने आणि लेखणीने पटवून दिले. १९६२ च्या आपल्या आत्मचरित्राला त्याने नाव दिले ते ‘मी फार मोठ्याने वाजवतो आहे का?’ अशा अर्थाचे. त्या एका प्रश्नात साथीदारांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा संकोच आहे आणि त्याची थट्टाही. १९६७ मध्ये लंडनला त्याच्या निरोपाच्या मैफलीत जगातले तीन श्रेष्ठ गायक त्याच्यासाठी गायले.

येथे तबकडीच्या देहाविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. ती जुनी ठिसूळ तबकडी दगडाची पूड आणि काजळी यांची असे, आणि ती पूड बांधून ठेवणारा पदार्थ म्हणजे लाख. लाख येई ती मुख्यतः हिंदुस्थानातून: छोटा नागपूरच्या जंगलांतून, आणि आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडच्या पळसांवरूनही. काडीवरचा तो किड्यांचा थर खरवडणारी आदिवासी बाई, ती लाख धुणारा-वितळवणारा मजूर, आणि लंडनला फ्रॉक कोट घालून गाणारा गायक यांची कधी भेट झाली नाही. पण तिच्या लाखेवाचून त्याचा आवाज टिकला नसता. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला तेव्हा कंपन्या जुन्या तबकड्या परत मागू लागल्या. लेबलावर तिचे नाव असणे शक्य नव्हते, हे मला कळते. इतिहासात मात्र ते असायला हवे.

दहा इंची तबकडीवर सुमारे तीन मिनिटे मावत, बारा इंचीवर चार-साडेचार. कलागीत आखूड असल्याने त्याला हे माप सोसले; पण सहा-सात गाण्यांची माळ मात्र तुटून पडे. त्याहून मोठी अडचण गिऱ्हाइकाची होती. ज्याचा खप थोडा ते कंपनी कशाला काढील? यावर उपाय निघाला तो सहकाराचा. कॉम्प्टन मॅकेन्झी या कादंबरीकाराने १९२३ मध्ये ‘ग्रामोफोन’ मासिक काढले आणि पुढल्याच वर्षी नॅशनल ग्रामोफोनिक सोसायटी स्थापली. सभासदांनी वर्गणी आधी भरायची आणि बाजार ज्याकडे पाहत नाही ते संगीत मुद्रित करून घ्यायचे. ज्याने सहकारी भांडार चालवले आहे त्याला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरा उपाय सार्वजनिक पैशाचा. कॅथलीन फेरिअरचे उदाहरण घ्या. लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्नच्या मागांवर एके काळी हिंदुस्थानासाठी धोतरे विणली जात. त्या गावात ती वाढली. शिक्षकाची मुलगी, १९२६ मध्ये, चौदाव्या वर्षी, शाळा सोडून टेलिफोन खात्यात नोकरीला लागली. १९३७ मध्ये नवऱ्याने एका शिलिंगाची पैज लावली म्हणून ती कार्लाइलच्या स्पर्धेत गायली आणि जिंकली. १९४० मध्ये निघालेल्या एका सरकारी साह्याच्या मंडळाने युद्धकाळात तिला कारखान्यांत आणि खाणींच्या वस्त्यांत गायला पाठवले. याच मंडळाचे पुढे आर्ट्‌स कौन्सिल झाले. यंत्रे थांबली की जेवणाच्या सुट्टीत गाणे, अशा श्रोत्यांपुढे तिची गायकी तयार झाली. ५ जून १९५२ रोजी, कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर, तिने बीबीसीवर फ्रेडरिक स्टोनच्या पियानोसह स्टॅनफर्ड, पॅरी, व्हॉन विल्यम्स, ब्रिज, वॉरलॉक यांची गाणी म्हटली. पुढच्या वर्षी ती गेली. ते प्रक्षेपण जपून ठेवलेले होते म्हणून डेक्का कंपनीला त्याची तबकडी काढता आली. सार्वजनिक नभोवाणी नसती तर इंग्रजी कलागीतांची ही अमोल मैफल हवेत विरून गेली असती.

१९५० पासून इंग्लंडात लांब वेळेच्या तबकड्या निघू लागल्या आणि गाण्यांची माळ अखंड ऐकता येऊ लागली. ब्रिटन आणि पीटर पिअर्स यांनी डेक्कासाठी मुद्रणे केली. तेथे संगीतकार स्वतःच पियानोवर. १९५९ मध्ये रिचर्ड इटर या रसिकाने लिरिटा ही छोटी कंपनी काढली आणि फिन्झीची गाणी जॉन कॅरल केसच्या आवाजात, हॉवर्ड फर्ग्युसनच्या साथीने जतन केली. साठीच्या दशकात जॅनेट बेकरने मार्टिन आयसेपच्या साथीने गायिलेली इंग्रजी गीतांची निवड सागा या स्वस्त कंपनीने काढली, आणि ती सामान्य पगारदारालाही परवडली. १९८० मध्ये टेड पेरीने हायपेरियन कंपनी सुरू केली. तिच्या भांडवलासाठी त्याने भाड्याची मोटार चालवली. पुढे कॉलिन्स कंपनी १९९८ मध्ये बंद पडली, तेव्हा तिची इंग्रजी गीतांची मालिका नॅक्सॉसने घेऊन पुन्हा उपलब्ध केली. या सर्व हकिगतीत मोठ्या भांडवलापेक्षा हट्टी माणसे अधिक दिसतात.

कोणी म्हणेल, हे साहेबाच्या दिवाणखान्यातले गाणे. त्याचे आम्हाला काय? दिवाणखान्यातले होते हे खरे. पण तबकडीने त्याचे दार उघडले. खाणीतला माणूस बटरवर्थच्या हुकमाखाली मेला, तेव्हा त्याचे गाणे ऐकण्याची त्याला सोय नव्हती. त्याच्या नातवाला मिळाली. चांगली वस्तू धन्याच्या घरात आहे म्हणून ती वाईट ठरत नाही. ती सर्वांच्या घरात कशी येईल, हा खरा प्रश्न आहे.

आणि आली, तर मोबदला कोणाला? ब्रिटनमध्ये १९११ च्या कायद्याने संगीतकाराला आणि तबकडी काढणाऱ्याला हक्क दिला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या संमतीवाचून मुद्रण करणे गुन्हा ठरायला १९२५ साल उजाडले. ब्रिस्टलच्या एका उपाहारगृहात तबकडी वाजवल्याबद्दल ग्रामोफोन कंपनीने खटला जिंकला आणि १९३४ मध्ये कंपन्यांनी वसुलीची संस्था काढली; कलावंताचा वाटा मागायला त्याची संघटनाच उभी राहावी लागली. १९६१ मध्ये रोम येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाला हक्कच नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला, आणि मानधनाच्या वाट्याची तरतूद २०१२ मध्ये. यंत्र आधी येते, कंपनी त्यामागून येते, कायदा शेवटी रखडत येतो. गिरणीत आम्ही हेच पाहिले.

आता तबकडी गेली. गाणे तारेतून आणि हवेतून येते, त्याला लेबलही उरलेले नाही. पडद्यावर गायकाचे नाव दिसते. पियानो वाजवणाऱ्याचे पुष्कळदा शोधावे लागते. म्हणून श्रोत्यांना माझी एवढीच विनंती आहे की गर्नीचे किंवा बटरवर्थचे एखादे गाणे ऐकाल तेव्हा ते दोनदा ऐका. एकदा गळ्यासाठी ऐका आणि एकदा केवळ पियानोसाठी. मग त्या वादकाचे नाव शोधा, आणि घरातल्या मुलांना ते सांगा.