दूरस्थ विचारविनिमय आणि कृत्रिम इतिवृत्तकार

सभेस जो उपस्थित नसतो त्याला सभा कळते ती तिच्या लेखावरून. म्हणून दूरस्थांच्या विचारविनिमयाचा इतिहास हा बव्हंशी लेख कोणी केला व तो कोणी मान्य केला, याचा इतिहास होय. हे लेखनकार्य आता कृत्रिम प्रज्ञेकडे जाऊ लागले आहे. कणकवली परिसराच्या संदर्भात या स्थित्यंतराचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

मराठा अमदानीत वतनाच्या किंवा हद्दीच्या तंट्यात गोतसभा बसे आणि निर्णयाचा महजर होई. मजकूर एकाने लिहिला, तरी त्यास प्रामाण्य येई ते उपस्थितांच्या साक्षीने. निरक्षर कुणबीदेखील नांगराची निशाणी करून साक्षीदार होत असे. लेखन आणि प्रामाण्य ही दोन कार्ये येथे स्पष्टपणे भिन्न होती.

पुढे मुंबईच्या गिरण्यांनी कोकणी माणूस ओढून नेला आणि गावाचा विचार दोन ठिकाणी होऊ लागला. देवालय, शाळा, रस्ता यांविषयी गावात बैठक होई, तशीच मुंबईतील ग्रामस्थ मंडळातही होई. दुवा होता तो पत्राचा आणि गणपतीस वा शिमग्यास येणाऱ्या चाकरमान्याचा. पत्रात जेवढे उतरे तेवढीच सभा पलीकडे पोचे.

यंत्राने या व्यवहारात प्रवेश केला तो अमेरिकेत. १९७१ साली वेतन व किमती गोठविण्याच्या प्रसंगी मरे टुरॉफ यांनी रचलेल्या 'एमिसारी' या संगणकीय व्यवस्थेतून ठिकठिकाणचे अधिकारी विचारविनिमय करू लागले. लेख यंत्रच जपून ठेवी; परंतु प्रत्येकाचे शब्द त्याने स्वतः लिहिलेले असत. यंत्र दप्तरदार होते, लेखक नव्हते.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाने आणलेल्या 'सभासार'ने ही मर्यादा ओलांडली. ग्रामसभेच्या ध्वनिचित्रमुद्रणावरून ते इतिवृत्त तयार करते. भाषांसाठी त्यास 'भाषिणी'चा आधार असून मराठीचा त्यांत समावेश आहे. यंत्रास भावकी नसते, हा त्याचा मोठा गुण मानावा लागेल. तथापि सार काढणे म्हणजे काही ठेवणे व काही गाळणे. कणकवली तालुक्यातील ग्रामस्थ बोलतो ती मालवणी. 'भाषिणी'ची बैठक आठव्या अनुसूचीतील भाषांवर आहे. तीत मालवणीस स्वतंत्र स्थान नाही. एखाद्या वृद्धेने पाणंदीविषयी मालवणीत घेतलेली हरकत यंत्रास न उमगली, तर ती सारातून गळून पडण्याचा संभव आहे. मुंबईत ते सार वाचणाऱ्यास अशी हरकत होती याची कल्पनाही येणार नाही. शिवाय ज्याचे नाव गावच्या मतदारयादीत नाही तो ग्रामसभेचा सदस्य नव्हे. दुरुस्ती सुचविण्याचा अधिकारही त्यास नाही.

यास्तव मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याची रूढ रीत येथे विशेष महत्त्वाची ठरते. महजरावरील निशाणीचे कार्य आज तीच करते. लेखनाचा भार यंत्राकडे सोपविता येईल; साक्षीचा भार मात्र सभेनेच वाहिला पाहिजे, आणि ते वाचन गावाला समजेल अशा बोलीत झाले पाहिजे.