दातांची खनिज रचना आणि रासायनिक घटक

मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ म्हणजे दातावरील एनॅमल, अर्थात दंतवल्क. वजनाच्या मानाने त्यात सुमारे ९६ टक्के खनिजे असून उर्वरित भाग पाणी व प्रथिने यांचा असतो. दंतवल्काखालील डेंटिन, म्हणजेच दंतिन, या थरात सुमारे ७० टक्के खनिजे, २० टक्के कोलॅजनप्रधान सेंद्रिय द्रव्य आणि १० टक्के पाणी आढळते. दाताच्या मुळावर सिमेंटमचा पातळ थर असतो व त्यातील खनिजांचे प्रमाण याहूनही कमी असते.

या तिन्ही थरांतील प्रमुख खनिज हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट हे होय. त्याच्या स्फटिकाच्या मूलभूत एककात कॅल्शियमचे १० अणू, फॉस्फेटचे ६ आणि हायड्रॉक्सिलचे २ गट असतात. प्रत्यक्ष दातात मात्र हे खनिज शुद्ध स्वरूपात नसते. काही ठिकाणी कार्बोनेट, सोडियम व मॅग्नेशियम शिरकाव करतात. कार्बोनेटमुळे स्फटिक आम्लात अधिक सहज विरघळतो.

तोंडातील जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. सामू, म्हणजे पीएच, सुमारे ५.५ च्या खाली गेल्यास दंतवल्कातील कॅल्शियम व फॉस्फेट बाहेर पडू लागतात. लाळेमुळे आम्लता कमी झाली, की हीच द्रव्ये पुन्हा स्फटिकांवर जमा होतात. फ्लोराइडच्या उपस्थितीत अधिक टिकाऊ फ्लोरअ‍ॅपटाइट तयार होते. मात्र दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी दात उगवताना नष्ट होत असल्याने एकदा पडलेला खड्डा नैसर्गिकरीत्या भरून येत नाही.

दात घडत असण्याच्या वयात फ्लोराइड अतिरिक्त प्रमाणात पोटात गेल्यास दंतवल्क सच्छिद्र बनते व त्यावर पांढरे अथवा तपकिरी डाग पडतात. यास दंत-फ्लोरोसिस म्हणतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकारार्ह असून, पर्यायी स्रोत नसल्यास कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. तेलंगणातील नळगोंडा जिल्हा या समस्येसाठी ओळखला जातो. तुरटी व चुना वापरून पाण्यातील फ्लोराइड कमी करण्याची नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेली पद्धत याच जिल्ह्याच्या नावाने प्रसिद्ध आहे.

दातांना बळकटी देणारे फ्लोराइड प्रमाणाबाहेर गेल्यास त्यांची घडणच बिघडवते. त्यामुळे लहान मुलांना टूथपेस्ट अल्प प्रमाणात द्यावी व ती गिळू देऊ नये. फ्लोराइडग्रस्त भागात विंधन विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घेणे हितावह ठरते.