मुलकोवालचा चिमटा

१८९८ च्या ऑगस्टात प्लेग बंगळुरात शिरला, आणि पुण्या-मुंबईकडील माणसांनी अगोदरच्या दीड-दोन वर्षांत जे भोगले होते तेच त्या शहराच्या वाट्याला आले. पेठा ओस पडल्या, माणसे रानात पाले ठोकून राहिली, प्लेगम्माची देवळे उभी राहिली. हे संकट चालू असतानाच तेथे एका मोठ्या रुग्णालयाच्या भिंती चढत होत्या. म्हैसूरच्या राजमाता वाणीविलास यांनी १८९७ साली त्याची कोनशिला बसविली होती; १९०० च्या डिसेंबरात लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते ते उघडले. तेच आजचे व्हिक्टोरिया रुग्णालय.

त्या काळच्या शस्त्रवैद्याच्या हाताशी होते तरी काय? सल्फा नव्हते, पेनिसिलिन नव्हते. जखम एकदा चिघळली की रोगी परमेश्वराच्या हवाली. म्हणून ती चिघळू न देणे हाच एक उपाय, आणि त्यासाठी उकळते पाणी, वाफ आणि कार्बॉलिक आम्ल एवढीच मुख्य शस्त्रे. पैकी कार्बॉलिकचा मान फार मोठा. ग्लासगोच्या लिस्टरने १८६७ साली, हाड मोडून कातडी फाटलेल्या जखमा त्याच्या पट्ट्यांनी बऱ्या केल्याचे जाहीर केले होते. पुढे पुढे तर त्या उग्र वासालाच लोक स्वच्छता समजू लागले. वास्तविक रॉबर्ट कॉखने १८८१ मध्येच दाखवून दिले होते की, जंतूंचे कवचबद्ध बीजाणू कार्बॉलिकला सहजासहजी दाद देत नाहीत. परंतु प्रयोगशाळेतले सत्य दवाखान्याच्या टेबलापर्यंत चालत यायला वेळ लागतो, आणि खेड्यातल्या टेबलापर्यंत यायला त्याहून अधिक.

या भाबड्या विश्वासाची किंमत एका खेड्याने मोजली. पंजाबातील मुलकोवाल, आज ते पाकिस्तानात आहे. १९०२ च्या शरदात पंजाब सरकारने प्लेगविरुद्ध लस टोचण्याची प्रचंड मोहीम हाती घेतली. लस होती वाल्डेमार हाफकिन यांची. १० जानेवारी १८९७ रोजी तिची पहिली मात्रा त्यांनी स्वतःलाच टोचून घेतली होती. आता परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेकडे एवढी मागणी आली की, जुन्या पद्धतीने ती पुरी होईना. तेव्हा लशीत कार्बॉलिक मिसळण्याची पायरी गाळून केवळ उष्णतेने ती निर्जंतुक करण्याची रीत हाफकिन यांनी पत्करली. ही रीत लहरीची नव्हती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ती चालू होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवालात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतले १९ जण थोड्याच दिवसांत धनुर्वाताने मेले. ते सगळे एकाच बाटलीचे होते, ५३-एन या क्रमांकाच्या. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्या ८८ जणांच्या केसालाही धक्का लागला नाही.

चौकशी-आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स. आयोगाचे मत पडले की, धनुर्वाताचे जंतू बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, आत गेले असावेत. आणि ठपका आला तो कार्बॉलिक गाळण्यावर. हाफकिन यांची उचलबांगडी झाली.

मात्र साक्षींच्या कागदांत एक बारीकशी गोष्ट नोंदलेली होती. बाटलीचे बूच काढायच्या वेळी मदतनिसाच्या हातून चिमटा खाली पडला. त्याने तो उचलला, कार्बॉलिकच्या पाण्यात खळबळला आणि त्याच चिमट्याने बूच ओढले. चिमटा ज्योतीवर धरला गेला नाही. धनुर्वाताचे बीजाणू राहतात कोठे, तर गुराढोरांच्या शेणाने भरलेल्या जमिनीत! खेड्यातली जमीन आणखी कसली असणार?

मला या प्रकरणातील दैवदुर्विलास येथे दिसतो. ज्या कार्बॉलिकच्या अभावाबद्दल शास्त्रज्ञाला दोषी धरले, त्याच कार्बॉलिकवर विसंबून चिमटा शुद्ध झाला असे मानले गेले. त्या मदतनिसाला शिव्या देण्यात अर्थ नाही. समोर टोचून घेणाऱ्यांची रांग, वरून घाईचे हुकूम. आणि पडलेली वस्तू औषधात बुडवली की झाले, हे त्याला ज्या काळाने शिकविले तो काळच तसा होता. साधने तुटपुंजी होती म्हणावे, तर स्पिरिटचा दिवा ही काही राजवाड्यातली वस्तू नव्हे. आजही लहान गावातल्या शस्त्रक्रियागृहाची मदार अशाच साध्या उष्णतेवर असते. नुसत्या उकळत्या पाण्यात बीजाणू तग धरू शकतात. पण दाबाखालची १२१ अंशांची वाफ त्यांना पंधरा-वीस मिनिटांत संपविते, आणि प्रेशर कुकरच्या जातीचे साधे भांडेही तेवढी वाफ देऊ शकते. अट एकच, मिनिटे घड्याळावर मोजली पाहिजेत.

हाफकिन यांच्या बाजूने पुढे आलेल्यांत अग्रणी होते रोनाल्ड रॉस, मलेरियाच्या डासाचे संशोधक. बंगळूरला ते चांगले ओळखत होते. १८९५ साली कॉलऱ्याची साथ आली तेव्हा तेथील गटारे, विहिरी आणि कचरा यांच्या बंदोबस्तासाठी सरकारने त्यांनाच धाडले होते. स्वच्छतेचे नियम कागदावर करणे सोपे आणि गल्लीत पाळून घेणे किती कठीण, हे त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले होते. १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांनी हाफकिन यांची बाजू मांडली, आणि जुलैत दहा जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र तेथेच प्रसिद्ध झाले. युक्तिवाद सरळ होता. बाटलीत धनुर्वाताचे जंतू कित्येक आठवडे वाढले असते, तर लशीला दुर्गंधी आली असती. बूच काढताना तशी काही आढळली नाही. शिवाय विष आधीच तयार असते, तर रोग्यांना लक्षणे दिसायला इतके दिवस लागते ना.

सरकारने हाफकिन यांना पुन्हा कामावर बोलाविले. ते आले, पण परळला नव्हे. कलकत्त्यास गेले आणि १९१४ मध्ये निवृत्त झाले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली. त्या वेळी ते हयात होते.